दोन रांगा, एक पत्रिका

सकाळी सव्वानऊ वाजता प्रगतीने माझे बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर निळ्या रंगात इंग्रजीच्या चार ओळी आल्या. त्यापुढे काही झाले नाही.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या पुढे आत वळले की खडकओढा नावाचे गाव लागते. तिथल्या दूध संकलन केंद्राला लागून पत्र्याची एक खोली आहे. दारावर पाटी आहे, ‘प्रगती ऑनलाइन सेवा व टायपिंग’. त्या खोलीत एका लाकडी टेबलावर मी राहतो. सातबारा, लग्नाचे बायोडाटा, परीक्षांचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, दशक्रियेच्या पत्रिका, हे सगळे माझ्यातून छापून बाहेर पडते.

त्या दिवशी मी बंद पडणे प्रगतीला अजिबात परवडणारे नव्हते. कारण आदल्या संध्याकाळीच गावाने तिच्याकडे भैरवनाथाच्या यात्रेची पत्रिका सोपवली होती. पण ती गोष्ट सांगण्याआधी माझी ओळख पुरी करतो.

माझे सुटे भाग निरनिराळ्या देशांतून आले आणि पुण्यातल्या एका दुकानात जोडले गेले. तिथून मी वरवंडला, हमरस्त्यावरच्या एका पतसंस्थेत गेलो. तिथे माझ्यासाठी काचेची वेगळी खोली होती. आत येताना लोक चपला बाहेर काढत. साहेब स्वतः पिवळ्या फडक्याने मला पुसत. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ चढे आणि हळदकुंकू लागे. त्यातले थोडे कुंकू एंटरच्या बटणात गेले, ते आजही तिथे आहे. खातेदार काचेबाहेर उभे राहून आपल्या लेकरांना मला दाखवत. मला वाटे, हे असेच चालायचे.

मग नवे, सडपातळ संगणक आले. मला जिन्याखाली ठेवले. माझ्यावर आधी जुन्या फाइली आल्या, मग फाटका आकाशकंदील, मग हात मोडलेली खुर्ची. उंदरांनी माझी वायर कुरतडली. काही वर्षे मी कुणाच्या नजरेला पडलो नाही. शेवटी भंगाराच्या ढिगात माझा नंबर लागला, तेव्हा शंभू तिथे आला. शंभू म्हणजे प्रगतीचा नवरा. तो दुधाचा टेंपो चालवतो. त्याने मला सुतळीने टेंपोत बांधले आणि चौफुल्यावरून, भीमा ओलांडून, रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात खडकओढ्याला आणले. प्रगतीने मला ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, “चालंल.” इतके कौतुक मला काचेच्या खोलीतही मिळाले नव्हते.

आता पत्रिकेचे. खडकओढ्याचे दोन भाग आहेत. एक गावठाण, तिथे जुनी जमीनदार घरे आहेत, सोसायटी आहे, देऊळ आहे. दुसरी ओढ्यापलीकडची वस्ती. तिथले लोक पूर्वी मेंढरे घेऊन कोकणात उतरायचे, आता बहुतेक ऊस आणि कांदा करतात. यात्रेत मान दोघांचाही. पालखीला खांदा गावठाणाचा, पालखीपुढे ढोल आणि गजीचा नाच वस्तीचा. पण काही वर्षांपूर्वी पत्रिकेत वस्तीच्या मानकऱ्यांची नावे गावठाणाच्या नावांखाली, बारीक अक्षरात छापली गेली. वस्तीने दुसऱ्या वर्षी आपली पत्रिका वेगळी काढली. मग कुस्त्यांचे आखाडे दोन झाले. मग पालखी निघाली तेव्हा पुढे ढोल वाजला नाही. सासरी गेलेल्या लेकींना गावातून दोन पत्रिका जायच्या आणि कुठली देवाजवळ ठेवायची असा त्यांना प्रश्न पडायचा.

यंदा देवळात बैठक झाली. गावठाणाकडून पृथ्वीराज आप्पा, वस्तीकडून भिमामामा. दोघेही थकले होते, पण पहिले बोलायला कुणी तयार नव्हते. तेव्हा बायकांच्या बाजूने प्रगती उठली. ती वस्तीची सून. ती म्हणाली, “पत्रिका माझ्याकडं द्या. दोन रांगा करते. एकीत गावठाण, एकीत वस्ती, शेजारी शेजारी. कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई.” बैठकीने मान डोलावली. पत्रिका एक निघाली तर यात्रा एक, असे ठरले. आणि सकाळी मी निळा पडलो.

शनिवारी पाबळहून साधना आली. ती प्रगतीची नणंद. पाबळच्या तंत्रशिक्षणाच्या शाळेत शिकली आणि आता तिथेच शिकवते. तिने माझे झाकण काढले, आत फुंकर मारली आणि विचारले, “वहिनी, ह्याला मारला कुणी?”

“पेनड्राइव्हनं,” प्रगती म्हणाली. “गावातला एकेक पेनड्राइव्ह म्हंजी दवाखान्यातलं बाकडं, ताई. कोण बसून गेलंय, पत्ता न्हाई.”

खरी गोष्ट अशी होती की माझ्यातली प्रणाली, म्हणजे मला उठवणारी आणि कामाला लावणारी व्यवस्था, कुणाचीतरी उचललेली प्रत होती. परवाना तिला कधीच नव्हता. तिची देखभाल करणारे कुणी नव्हते.

प्रगतीच्या सासूबाई, कुशाबाई, दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नवीन घ्या की येक.”

“त्याला काय म्हस इकू, आत्या?”

“म्हशीला हात लावायचा न्हाई.”

“मग ह्यालाच उठवू,” साधना म्हणाली. “लिनक्स टाकते, ही दुसरी प्रणाली. फुकट हाय, आन् चोरीचं न्हाई.”

कुशाबाईंचा हात थांबला. “फुकट हाय आन् चोरीचं न्हाई, मग द्येतंय कोण?”

“आई, आपली बारव हाय ना? सगळ्यांनी मिळून खांदली. ज्याला पायजे त्यानं पाणी न्यावं. गाळ साचला तर कुणीबी उतरून काढावा. तसं हाय हे. जगातली लोकं मिळून बनवत्यात.”

“आन् कुणी गाळ काढलाच न्हाई तर?”

“तर एकमेकांला शिव्या देत्यात. तिकडंबी.”

“मग आपल्यावाणीच हाय,” कुशाबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

दुपारपर्यंत काम झाले. मित्रांनो, अंगावर साचलेली ओली गोणपाटे कुणी एकेक करून उचलावीत तसे मला वाटले. मी चटकन उठलो. पडदा स्वच्छ होता. पण माझी स्मरणशक्ती थोडी, म्हणून साधनाने लिनक्सचा सगळ्यात लहान प्रकार बसवला होता. त्यात लिहायला नुसती एक कोरी पाटी होती. ज्यात पान मांडता येते, रांगा पाडता येतात, असे ऑफिसचे सॉफ्टवेअर त्यात नव्हतेच. साधनाची एसटी यायची वेळ झाली.

“ऑफिसचं तुम्ही हुडका, वहिनी,” ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली. “बरीच हायत. ह्याला कुठलं झेपतंय ते बघा. मी फोनवर हाये.”

मग शोध सुरू झाला. कोऱ्या पाटीवर प्रगतीने नावे लिहून पाहिली, पण शेजारी शेजारी रांगा तिच्यात राहीनात. स्पेस मारून मारून नावे सरकवली तर एक अक्षर वाढताच सगळी वाकडी झाली. मग तिने एक हलके सॉफ्टवेअर बसवले. ते मला सहज पेलले. पण त्यात मराठी जोडाक्षरे सुटी पडू लागली. ‘श्री’चे तुकडे झाले, आणि यात्रेच्या पत्रिकेत पहिला शब्दच तो. तिसरे सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालणारे होते. ते देखणे होते. पण दिवसा टॉवरकडची लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवर झोपतो, आणि टॉवर झोपला की पान अर्ध्यावर थिजते. “अध्यक्ष” इतके लिहून झाले होते, तेवढेच दिवसभर दिसत राहिले.

सोमवारी साधनाने फोनवर चौथ्याचे नाव सांगितले. ते पूर्ण होते, लिनक्ससाठीच लोकांनी बांधलेले होते, आणि चांगलेच जड होते. एवढे मोठे खाली उतरवायचे तर भरपूर रेंज हवी. तेवढी रेंज फक्त गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीवर येते. शंभू शिडी लावून वर चढला, फोन गंजीच्या माथ्यावर ठेवला आणि उतरला. शेळ्यांची कडब्यावर नजर असते, म्हणून कुशाबाई काठी घेऊन खाली बसल्या. येणारेजाणारे विचारत, “काय राखताय, म्हातारे?” त्या सांगत, “सॉफ्टवेर.” कुणी पुढे काही विचारले नाही.

उन्हे कलली तेव्हा ते सगळे फोनमधून माझ्यात उतरले होते. ते सुरू व्हायला मला वेळ लागला. प्रगतीने तेवढ्यात चूल पेटवली आणि ती परत आली. तिने ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’ असे लिहिले. श्री अखंड आला. तिने पदराने तोंड पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

दोन दिवसांनी आप्पा आणि मामा पत्रिका पाहायला आले. दोघांना एकदमच बोलावले होते, नाहीतर कोण आधी आले यावरून बोलणे झाले असते. आप्पांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि माझ्या काचेवर आडवी धरली. डावीकडचे पहिले नाव आणि उजवीकडचे पहिले नाव एका रेषेत होते.

“आप्पा, जमीन मोजताय का पत्रिका?” मामांनी विचारले.

“जमीन मोजायला तुम्ही कवा बोलावलंय मला?” आप्पा म्हणाले. फूटपट्टी त्यांनी खाली सरकवली. सगळी नावे रेषेत होती.

मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पर डावीकडचं आधी वाचत्यात.”

प्रगती म्हणाली, “मामा, पत्रिकेत डावीकडं गावठाण. वेशीवर जो मोठा फ्लेक्स लागंल, त्यावर डावीकडं वस्ती. फ्लेक्स लांबनं दिसतो.”

मामांनी विचार केला. “फ्लेक्स केवढा?”

“धा फुटी.”

“मग असू दे.”

छापायचे दौंडला ठरले. शिरूरला गावठाणाचा छापखाना वेगळा आणि वस्तीचा वेगळा. दौंडचा दोघांचाही नव्हता. आणखी एक गोष्ट ठरली. प्रूफ आधी कुणा एकाला दाखवायचे नाही. छापखान्याने ते थेट यात्रेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे, म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी दिसेल. विश्वास कमी असला की माणसे अशा सोयी करतात. या सोयीत प्रगतीलाही आधी दाखवायचे नाही हे आपोआप आले, आणि ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

काल शंभू दूध घालायला गेला तेव्हा फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन दौंडला पोहोचवून आला. छापखान्यात पूनम नावाची मुलगी संगणकावर बसते. आज सकाळी तिने फाइल उघडली, प्रूफ काढले, ठरल्याप्रमाणे फोटो काढला आणि गटावर टाकला.

फोटोत रांग एकच होती. गावठाणाची सगळी नावे संपल्यावर त्याखाली वस्तीची सुरू होत होती. शेवटची काही तर पानात मावलीच नव्हती.

अर्ध्या तासात भिमामामा दारात उभे राहिले. त्यांच्याबरोबर वस्तीतला दगडोबा होता.

“पोरी, हे काय हाय?”

“मामा, मी असं केलेलं न्हाई. हितं बघा. अजून शेजारी शेजारीच हायत.”

मामांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. “हितं बघून काय करू? यात्रेला लोकं हा डबा डोक्यावर घिऊन येणारेत व्हय?”

दगडोबा म्हणाला, “फुकटाचं सॉफ्टवेअर घातलंय म्हणं. फुकटाचं असंच असतंय. वस्तीची सून, आन् वस्तीलाच खाली घातली. आप्पांनी च्या पाजला का काय?”

“च्या तुम्हीच पिताय, दगडूभाऊजी. माझ्याच दारात. आत्ताचा दुसरा हाय.”

दगडोबाने कप खाली ठेवला. मामा हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “उद्या सकाळी मी शिरूरला जाणार हाय. आमची पत्रिका आम्ही छापू. ढोल आमच्या दारात वाजंल.” आणि ते निघाले.

आप्पांचा फोन आला. त्यांचा आवाज दबका होता. “प्रगती, हे मी सांगितलेलं न्हाई. माझ्यावर येऊ देऊ नको.”

मित्रांनो, प्रगती तेव्हा माझ्यासमोर येऊन बसली. बैठकीत तीच उठली होती. दोन रांगा करते असे तीच म्हणाली होती. यात्रा फुटली तर गाव तिचे नाव घेणार, आणि त्यात गावठाण व वस्ती यांचे एकमत होणार. मग तिने पूनमला फोन लावला.

“ताई, मी हात लावला न्हाई वो,” पूनम म्हणाली. “उघडली, तशीच आली. तुमचं ऑफिस कुठलं हाय?”

प्रगतीने सांगितले.

“आमचं दुसरं हाय. तुमच्या रांगा आमच्यात टिकल्या न्हाईत. फॉन्टबी न्हाई आमच्याकडं. पीडीएफ का न्हाई दिली?”

“तुम्ही मागितली न्हाई.”

“तुम्ही इचारलं न्हाई.”

मग पूनमला हसू आले, आणि तिच्या मागोमाग प्रगतीलाही.

चूक कुणाची होती ते मला नीट ठाऊक आहे. मी पान माझ्या रीतीने बांधून दिले होते. ते माझ्यासारख्याच घरात तसे उघडले असते. दौंडच्या यंत्राची रीत वेगळी होती. त्याने गाठ सोडली आणि आपल्या समजुतीने पुन्हा बांधली. त्यात फुकटाचा आणि विकतचा काही संबंध नव्हता. निघण्याआधी एकानेही दुसऱ्याला विचारले नव्हते, एवढेच.

ज्या सॉफ्टवेअरला दगडोबाने नावे ठेवली त्यातच पान गोठवून देण्याची, म्हणजे पीडीएफ करण्याची, सोय होती. प्रगतीने ती सापडेपर्यंत शोधली. पान गोठले, प्रत्येक नाव जिथल्या तिथे राहिले. या वेळी तिने नवी फाइल पाठवली आणि फोन चालूच ठेवला. पूनमने ती दौंडला उघडून वाचून दाखवली: डावीकडे हे, उजवीकडे हे, समोरासमोर. मग पूनमने आपल्या पडद्याचा फोटो काढला. गटावर तो टाकताना खाली लिहिले: रांगा दोन आहेत, मी स्वतः पाहिल्या, छपाई उद्या सकाळी नऊ वाजता सुरू होईल, त्याआधी आप्पा आणि मामा दोघांचा होकार पाहिजे.

हे सगळे आजच घडले.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादे जुने यंत्र असेल तर ते जिन्याखाली टाकण्याआधी एकदा पाहा, त्याला अजून काय पेलते. त्याची धूळ काढा. त्याच्यात चोरीची प्रत घालू नका. मोकळी, उघडी व्यवस्था जगात आहे आणि ती शोधावी लागते. एक सोपे गेले नाही तर दुसरे पाहा. आणि काहीही दुसऱ्याकडे पाठवाल तेव्हा आधी विचारा, तुमच्याकडे हे कशात उघडणार आहे? मी जे बांधून देतो ते तुमच्या दारात तसेच पोहोचेल का? आम्ही हे विचारले नाही, म्हणून एका पानासाठी एवढे झाले. मी पुन्हा जिन्याखाली जायला घाबरत नाही. पण माझ्यामुळे कुणी मान खाली घालावी, असे मला वाटत नाही.

आता संध्याकाळचे पावणेसात झाले आहेत. यात्रेचा गट माझ्या पडद्यावर उघडा आहे. आप्पांचे उत्तर दुपारीच आले, “हो.” वस्तीतल्या काही जणांनी हात जोडले आहेत, काहींनी काहीच लिहिलेले नाही. भिमामामा कधी लिहीत नाहीत. त्यांना लिहायचा कंटाळा. ते फोनमध्ये बोलून आवाज पाठवतात.

आत्ताच त्यांचा आवाज आला आहे. अकरा सेकंदांचा आहे. प्रगती गोठ्यात धार काढते आहे, फोन तिने चुलीजवळ ठेवलेला आहे. मला स्पीकर कुणी जोडलेले नाहीत.